डोंबिवलीचं नाव लावणारी संख्या : १२३४५६७८९८७६५४३२१



कापरेकरांचं नाव निघालं की आपल्या शाळांत लगेच ६१७४ फळ्यावर येतो. चार अंक घ्यायचे (सगळे सारखे नकोत), उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडायचे, मोठ्यातून लहान वजा करायचे, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचं. थोड्याच वेळात ६१७४ हजर! गणित दिनाला हा प्रयोग हमखास होतो आणि मुलांना आवडतोही. पण ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासाठी कापरेकरांनी आणखी एक गोष्ट ठेवली आहे. तिच्या नावातच आपलं स्टेशन आहे, आणि तरी ती आपल्या वर्गांत फारशी पोहोचलेली नाही. त्या गोष्टीचं नाव डेम्लो संख्या.

आजच्या पाठात आपण त्यातली एकच संख्या घेऊ. सतरा अंकी आहे, पण पाठ करायला अर्धा मिनिटही लागत नाही :

१२३४५६७८९८७६५४३२१

ही संख्या 'बघा कशी गंमत' म्हणून व्हॉट्सअॅपवर अधूनमधून फिरते. गंमत आहेच. पण गंमत दाखवून आपण थांबलो, तर मुलांच्या मनात 'गणित म्हणजे जादू' एवढंच उरतं, आणि जादू म्हणजे दुसऱ्याला जमणारी गोष्ट. म्हणून या लेखात मी तुम्हाला एक काम सांगणार आहे : या संख्येचा प्रत्येक गुण घ्यायचा आणि तो कुठून आला, ते विचारायचं.

आधी थोडं कापरेकरांबद्दल

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. त्यांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं, पुढचं पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, त्यांना स्वतंत्र गणिती कामासाठी असलेलं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत राहिले. पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. वही, पेन्सिल आणि संख्यांचं वेड एवढ्या भांडवलावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर पोहोचलं. १९८६ मध्ये ते गेले.

त्यांच्याविषयीच्या लेखनात अशी नोंद सापडते की, या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांना तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या, मुंबईपासून ३० मैलांवर असलेल्या 'डेम्लो' स्टेशनात सुचली, आणि ते स्टेशन म्हणजेच आजचं डोंबिवली. ३० मैल म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर. अंतर जुळतं. १९३८ मध्ये 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात या संख्यांवर त्यांचा लेख आला, आणि १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर त्यांनी डेम्लो संख्यांची उपपत्ती मांडली.

पुढे त्यांनी आणखी एका संख्यागटाला आपल्या नोकरीच्या गावाचं, म्हणजे देवळालीचं नाव दिलं. म्हणजे गणितात मध्य रेल्वेची दोन स्टेशनं आहेत, आणि दोन्ही एका शाळामास्तरांनी नेऊन ठेवली आहेत. मुलांना हे जरूर सांगा.

डेम्लो संख्या म्हणजे काय?

संख्येचे तीन भाग करायचे : डावा, मधला, उजवा. मधल्या भागात एकच अंक (एकदा किंवा अनेकदा) असला पाहिजे. डावा आणि उजवा भाग यांची बेरीज केली की तोच अंक पुन्हा पुन्हा आला पाहिजे. झाली डेम्लो संख्या.

१२१ : १ | २ | १. बेरीज १ + १ = २. जमलं.

१२३२१ : १२ | ३ | २१. बेरीज १२ + २१ = ३३. जमलं.

१२३४३२१ : १२३ | ४ | ३२१. बेरीज ४४४.

आता आपली मोठी संख्या : १२३४५६७८ | ९ | ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९, आठ वेळा नऊ.

दोन्ही टोकं आरशातल्यासारखी असायलाच हवीत असं नाही. २७ × ९९९ करून बघा. २७००० मधून २७ गेले, उरले २६९७३. भाग करा : २६ | ९ | ७३. बेरीज ९९. हीसुद्धा डेम्लोच. मुलांना दोन अंकी कुठलीही संख्या ९९९ ने गुणायला सांगा, प्रत्येकाच्या वहीत एकेक डेम्लो संख्या तयार होईल.

ही संख्या येते कुठून?

१२१ हा ११ चा वर्ग. १२३२१ हा १११ चा वर्ग. १२३४३२१ हा ११११ चा वर्ग. आपली सतरा अंकी संख्या म्हणजे नऊ एके शेजारी शेजारी लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग. कापरेकरांनी या खास गटाला 'अद्भुत डेम्लो संख्या' अशा अर्थाचं नाव दिलं होतं.

आता 'अद्भुत' का, ते फळ्यावर उलगडू. १११ × १११ चा उभा गुणाकार मांडा. १११ ला तीनदा १ ने गुणायचं आणि दर वेळी एक घर डावीकडे सरकायचं :

१११
१११०
१११००

तिन्ही ओळी उजव्या कडेला नीट जुळवून लिहा आणि उभे रकाने मोजा. एककाच्या रकान्यात एकच १. दशकात दोन. शतकात तीन. मग पुन्हा दोन, मग एक. उत्तर १ २ ३ २ १. इथे गुणाकार असा काही झालेलाच नाही. आपण फक्त प्रत्येक रकान्यात किती एके जमले ते मोजलं.

नऊ एक्यांचंही तसंच. नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर सरकलेली. रकान्यांत एके जमतात १, २, ३ असे वाढत वाढत ९, आणि मग उतरत उतरत १. स्टेशनवरचा पूल डोळ्यांपुढे आणा : एका बाजूने पायऱ्या चढायच्या, दुसऱ्या बाजूने तितक्याच उतरायच्या.

पुलाला वर सपाट भागही असतो ना? तोही मिळतो. दोन्ही संख्यांत एक्यांची संख्या वेगळी ठेवा. ११ × १११ = १२२१. ११११ × ११११११ = १२३४४४३२१. भाग करा : १२३ | ४४४ | ३२१, बेरीज ४४४. चार ओळींचा गुणाकार, त्यामुळे कुठल्याच रकान्यात चारपेक्षा जास्त एके जमणं शक्य नाही. म्हणून वर चाराचा सपाट रस्ता. सहावीतलं मूल हे कारण स्वतःच्या शब्दांत सांगू शकतं. ते सांगेपर्यंत आपण गप्प बसायचं, एवढंच आपलं काम.

'चिमा काय कामाची' हे वाक्य जसं उलटंसुलटं सारखं, तशी ही संख्याही दोन्हीकडून सारखी वाचता येते. तेही याच पुलामुळे : चढण आणि उतरण सारखी.

अंकांची बेरीज : ८१

१ ते ८ ची बेरीज ३६. ती दोनदा, म्हणजे ७२. मधला ९ मिळवला की ८१. आणि ८१ म्हणजे ९ × ९. मूळ संख्येच्या अंकांची बेरीज ९ होती. वर्गाच्या अंकांची बेरीज तिचाही वर्ग झाली.

हे नेहमी होतं का? मुलांना १२ × १३ करायला सांगा. १५६. अंकांच्या बेरजा : ३ × ४ = १२, आणि १ + ५ + ६ = १२. जमलं. आता १५ × १७ = २५५. ६ × ८ = ४८, पण २ + ५ + ५ = १२. फसलं. फरक कशाचा? हातच्याचा. पहिल्या गुणाकारात कुठेही हातचा नाही, दुसऱ्यात आहे.

हातचा घेताना काय होतं ते नीट बघू. एका रकान्यात दहा जमले की आपण ते दहा तिथून काढतो आणि शेजारी एक ठेवतो. दहा गेले, एक आला. म्हणजे अंकांच्या बेरजेत दर हातच्यामागे ९ कमी होतात. ४८ चे १२ झाले, ३६ कमी झाले, म्हणजे एकूण चार हातचे. ५ × ७ = ३५ मध्ये तीन जातात, पुढे दशकाच्या रकान्यात ५ + ७ + ३ = १५ होतात, तिथे एक जातो. तीन आणि एक, चार. मोजून जुळलं!

नऊने भाग जाण्याची कसोटी आपण सहावी-सातवीत शिकवतो : अंकांची बेरीज करा, तिला ९ ने भाग गेला तर संख्येलाही जातो. ती का चालते, याचं उत्तर याच ओळीत आहे. हातच्यामुळे अंकांची बेरीज बदलते, पण ती नऊ-नऊनेच बदलते.

आता आणखी एक. १११११११११ ला ९ ने भाग दिला तर येतात १२३४५६७९. म्हणजे तिच्या वर्गाला ८१ ने निःशेष भाग जाणारच. ८१ तर त्या वर्गाच्याच अंकांची बेरीज. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलं, हर्ष देणारी. आपली डेम्लो संख्या हर्षदही आहे.

सगळ्या नऊ अद्भुत डेम्लो संख्या हर्षद आहेत का? वर्गात गट पाडून तपासायला द्या. १२१ ला ४ ने भाग जात नाही. १२३२१ ला ९ ने जातो, भागाकार १३६९. १२३४३२१ ला १६ ने जात नाही, ती विषम आहे. शेवटी कळेल की नऊपैकी तीनच हर्षद आहेत : पहिली, तिसरी आणि नववी. सारख्या दिसणाऱ्या सगळ्या संख्या सारख्या वागत नाहीत, हा धडा इथे फुकट मिळतो.

दहावा एक : इथे पूल मोडतो

कोणीतरी मूल विचारणारच, 'दहा एके घेतले तर?' त्या प्रश्नाला 'नाही बाळा, ते नऊपर्यंतच चालतं' असं उत्तर देऊन पुढे जाऊ नका. या सगळ्या पाठात त्याच प्रश्नाची किंमत सर्वांत जास्त आहे.

दहा एक्यांच्या गुणाकारात मधल्या रकान्यात दहा एके जमतात. ० लिहायचा, हातचा १. पुढच्या रकान्यात नऊ एके आणि हातचा, पुन्हा दहा. पुन्हा ०, हातचा १. त्यापुढे आठ आणि हातचा, नऊ. मग ७, ६, ५ असे सरळ. उत्तर :

१२३४५६७९००९८७६५४३२१

पूल मोडला. उलटंसुलटं सारखं राहिलं नाही. आणि डावीकडे बघा, ८ गायब आहे! आठाच्या रकान्यात हातचा येऊन पडला आणि त्याचा ९ झाला. १ ला ८१ ने भागलं तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं उत्तर येतं. तिथेही ८ नसतो, आणि कारण असंच हातच्याचं आहे.

अंकांची बेरीज काढून पाहू. हातचा नसता तर १० × १० = १०० आली असती. दोन हातचे झाले, दोनदा ९ गेले, म्हणजे ८२ यायला हवी. वरच्या संख्येचे अंक मोजा : ८२ च येते. पूल मोडला, तरी हिशेब चुकला नाही.

आता आणखी एक कापणी करू. या वेळी मधला भाग ठेवायचा नाही. जितके एके, तितके अंक उजवीकडून तोडायचे आणि उरलेल्यात मिळवायचे.

१२१ : १ + २१ = २२
१२३२१ : १२ + ३२१ = ३३३
१२३४३२१ : १२३ + ४३२१ = ४४४४

असं करत नऊ एक्यांपर्यंत आलो की १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. आणि दहा एक्यांच्या मोडक्या संख्येचं? १२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११. दहा एके, म्हणजे ज्या संख्येचा वर्ग केला तीच परत आली!

वर्गाचे दोन तुकडे मिळवून मूळ संख्या येते, अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७. डेम्लोचा नमुना ज्या ठिकाणी संपला, बरोबर तिथे कापरेकरांचीच दुसरी संख्या उभी आहे. अकरा एके घेतले तर वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१, आणि त्याचे तुकडे मिळवले की अकरा वेळा २ येतो. नऊनंतर गाडी पुन्हा १ वरून सुटली. नऊचा शेष ठेवून मोजण्याचं हे चक्र आहे. आठवी-नववीच्या मुलांनी याचं कारण शोधायला हरकत नाही.

मोबाइलवर तपासू नका, कागदावर तपासा

ही संख्या एक्सेलच्या चौकटीत टाइप केली तर १२३४५६७८९८७६५४३०० अशी साठवली जाते. शेवटचे २१ गेले, तिथे शून्यं आली. एक्सेल संख्येचे पहिले पंधरा अंकच धरून ठेवतं, आणि आपली संख्या सतरा अंकी आहे. साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर तर ती मावतच नाही. मुलांना हे मुद्दाम दाखवा. यंत्र खोटं बोलत नाही, त्याची वही अरुंद आहे. पाचवीतल्या मुलाची वही मात्र हवी तेवढी रुंद होते, आणि त्याचं उत्तर शेवटच्या अंकापर्यंत बरोबर येतं.

वाचनही करून घ्या : १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. कोटीचेही कोटी झाले! भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. त्यातलं सतरावं स्थान 'मध्य'. आपल्या संख्येचा पहिला १ त्या स्थानावर बसतो, परार्धाच्या एकच घर अलीकडे.

तीन ढीग करा

आता या पाठाचा खरा गाभा. इतके गुण पाहिले, ते सगळे एका जातीचे आहेत का? नाहीत. मुलांकडून त्यांचे तीन ढीग करून घ्या.

पहिला ढीग संख्येच्या स्वतःच्या गुणांचा. ही संख्या पूर्ण वर्ग आहे. ती विषम आहे. तिचे मूळ अवयव : ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. (१११११११११ = १११ × १००१००१ असे पाडा, मग १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७.) त्यावरून विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५. ती विषम आली, कारण वर्गसंख्येत विभाजकांच्या जोड्या लावताना वर्गमूळ एकटं उरतं. हे गुण संख्या रोमन अंकांत लिहा, मोडीत लिहा की चिंचोके मांडा, बदलत नाहीत.

दुसरा ढीग आपल्या लिहिण्याच्या पद्धतीच्या गुणांचा. उलटंसुलटं सारखं असणं, डेम्लो असणं, अंकांची बेरीज ८१ असणं, हर्षद असणं, हे सगळं आपण दहा-दहाचे गट करून लिहितो म्हणून आहे. बारा-बाराचे गट करणारे लोक असते, तर त्यांचा पूल अकरा एक्यांपर्यंत टिकला असता. संगणकाच्या आतल्या दोन-दोनच्या पद्धतीत ११ × ११ चं उत्तर १२१ येत नाही, १००१ येतं, कारण तिथे दोन झाले की लगेच हातचा घ्यावा लागतो. ११ म्हणजे तिथे आपले तीन, आणि १००१ म्हणजे नऊ; गुणाकार तोच, कपडे वेगळे.

तिसरा ढीग योगायोगांचा. विभाजक ४५, आणि १ ते ९ ची बेरीजही ४५. मुलं हे पकडतातच आणि खूश होतात. त्यांना विचारा : लहान भावंडांचं काय? १२३२१ चे विभाजक ९, पण १ ते ३ ची बेरीज ६. जुळलं नाही. म्हणजे ४५ चं जुळणं योगायोग समजायचा. त्याचं कौतुक करावं आणि सोडून द्यावं.

माझ्या मते या वर्गीकरणाचं महत्त्व गणिताच्या तासापुरतं नाही. आपली मुलं रोज आकडे बघतात. एखादी तारीख उलटीसुलटी सारखी आली की ती 'शुभ' ठरते, गाडीच्या नंबरातली बेरीज बघून नशीब सांगितलं जातं, परीक्षेचा बैठक क्रमांक 'लकी' निघतो. ज्या मुलाने एकदा स्वतःच्या हाताने 'हा गुण वस्तूचा, हा लिहिण्याचा, हा नुसता योगायोग' असं वेगळं केलं आहे, ते मूल अशा ठिकाणी एक क्षण थांबेल आणि विचारेल. तेवढा एक क्षण थांबणं शिकवता आलं, तर पुष्कळ झालं.

कोणत्या इयत्तेला काय?

चौथी-पाचवी : ११, १११, ११११ चे वर्ग उभ्या मांडणीत. चौकटीची वही वापरा, म्हणजे रकाने सरळ राहतात. उत्तर सांगू नका. पुढचं उत्तर आधी ओळखायला सांगा, मग तपासायला.

सहावी-सातवी : हातच्यामागे ९ कमी होतात हे दहा-बारा गुणाकारांवर तपासणं. हर्षद संख्यांचा शोध. ९९९ ने गुणून स्वतःची डेम्लो संख्या बनवणं.

आठवी-नववी : बहुपदी शिकवताना (क्ष + १) चा वर्ग क्ष वर्ग + २क्ष + १, हे सहगुणक १, २, १ आणि ११ चा वर्ग १२१ शेजारी शेजारी लिहा. (क्ष वर्ग + क्ष + १) च्या वर्गाचे सहगुणक १, २, ३, २, १. क्ष च्या जागी १० घातला की १२३२१. बहुपदीत हातचा नसतो, म्हणून तिथे पूल कधीच मोडत नाही. दहा पदं घ्या, मधला सहगुणक निमूटपणे १० येतो. संख्या आणि बहुपदी यांच्यातला फरक एवढ्या सोप्या रीतीने दाखवणारं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.

पालकांसाठी : घरी यासाठी वेगळं काही आणायला नको. पाठकोरा कागद, पेन आणि पंधरा मिनिटं पुरतात. मुलाचं उत्तर चुकलं तर कुठल्या रकान्यात चुकलं ते त्यालाच शोधू द्या. पूल सरळ चढून उतरला नाही की चूक कुठे आहे ते संख्याच दाखवते.

शेवटी एकच. कापरेकरांचं पुष्कळसं काम 'मनोरंजक गणित' या कप्प्यात टाकलं जातं, आणि तिथेच ठेवलं जातं. त्यांच्या संख्या मनोरंजक आहेत यात वाद नाही. पण त्या शोधायला मोठं यंत्र लागलं नाही, मोठी पदवी लागली नाही. आपल्यासारख्याच एका शिक्षकाने 'पुढे काय होतं?' हा प्रश्न सोडला नाही, एवढंच लागलं. तुमच्या वर्गातलं कोणी 'दहा एके घेतले तर?' असं विचारलं, तर त्या दिवशी घंटा होईपर्यंत दुसरं काही शिकवू नका. खडू त्या मुलाच्या हातात द्या.